साताऱ्यातल्या आमच्या गडभटकंतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कर्जाच्या जाहिराती आणि 'शुभ सकाळ'चा नुसता पाऊस पडतोय. मी ॲडमिन आहे, काय करू?

आधी ग्रुपची आमंत्रण लिंक रीसेट करा आणि नव्या सदस्यांना ॲडमिनची मंजुरी सक्तीची करा. कर्जवाले बहुतेकदा कुठेतरी फिरत राहिलेल्या जुन्या लिंकवरूनच घुसतात. आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर एवढ्यानेच ते जवळपास थांबले. आलेली जाहिरात ॲडमिनला सर्वांसाठी डिलीट करता येते. मग तो नंबर काढून टाका, रिपोर्ट करा, वाद घालत बसू नका. 'शुभ सकाळ'वाले मात्र आपलेच काका-मामा. त्यांना चारचौघांत नको, वेगळा फोन करून सांगा. फक्त 'मेसेज केवळ ॲडमिन पाठवतील' हे सेटिंग कायमचं लावू नका. अजिंक्यताऱ्याची वाट निसरडी झालीय, हे पहाटे वर गेलेला माणूस मग सांगणार कुठे?