इंजेक्शनांसाठी प्लॉट विकावा का?

सांगलीच्या एका वाचक भगिनींच्या पतीचे मूत्रपिंड प्रत्यारोपण आठ महिन्यांपूर्वी झाले. आता त्यांच्या सायनसमध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) निघाला असून शस्त्रक्रियेतच विम्याचे 5 लाख संपले आहेत आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनची (मेदाच्या सूक्ष्म आवरणातल्या बुरशीविरोधी औषधाची) इंजेक्शने आणखी तीन आठवडे द्यायची आहेत. दिरांचे म्हणणे असे, की साधे ॲम्फोटेरिसिन घ्यावे, नाहीतर 18 लाखांना मागणी आलेला प्लॉट देऊन टाकावा. मुलीच्या शिक्षणासाठीची 8 लाखांची मुदत ठेव मोडायला कोणीच तयार नाही.

ताई, औषध डॉक्टरच ठरवतील. परंतु दिरांची बचत मला हिशेबातही पटत नाही. साधे ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला बरेच अधिक अपायकारक असते, आणि मिळालेले मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिसचा खर्च आठवड्याला दोन-तीनदा पुन्हा सुरू होईल. काटकसर करायचीच तर डॉक्टरांच्या संमतीने लायपोसोमल औषधाच्याच इतर कंपन्यांचे दर मागवावेत. त्यांत पुष्कळ फरक आढळतो.

58 किलो वजनाला रोज किलोमागे 5 मिलिग्रॅम म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. तुम्ही कळवलेल्या 4,000 रुपयांच्या दराने दिवसाला 24,000 आणि 21 दिवसांचे 5,04,000. पुढे पोसाकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या महिना 36,000 प्रमाणे तूर्त तीन महिने धरू, म्हणजे 1,08,000. या गोळ्यांमुळे टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची, रक्तातील पातळी वाढते म्हणून त्याचा डोस कमी करतात, आणि त्या थांबल्या की तो पुन्हा वाढवावा लागतो. तसे झाले नाही तर शरीर मूत्रपिंड नाकारण्याचा धोका असतो. म्हणून वारंवारच्या रक्ततपासण्यांचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. खर्चाला कात्री लावताना नेमक्या याच तपासण्या आधी वगळल्या जातात.

एकूण साडेसहा लाख धरावेत. ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तशी उचलायची कर्जाची सोय, घ्यावा. बँका साधारणपणे ठेवीच्या 90 टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत 7,20,000 रुपये देतात. व्याजदर ठेवीपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असतो आणि तो वापरलेल्या रकमेवरच लागतो. उपचार लांबले किंवा मुलीच्या प्रवेशाची वेळ जवळ आली, तर प्लॉट विकावा लागेलच, हे मी नाकारत नाही; मात्र रुग्णालयाच्या बिलाची घाई ग्राहकाला कळली की तो भाव पाडतो, त्यामुळे चार-सहा महिने हाताशी ठेवून दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी आणि त्या रकमेतून आधी ओव्हरड्राफ्ट फेडावा.

पुढच्या महिन्यात देय असलेला विम्याचा हप्ता कोणत्याही परिस्थितीत चुकवू नका. यंदा दावा केला एवढ्या कारणावरून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही, पण पॉलिसी एकदा खंडित झाली तर प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला नवी मिळणे फार कठीण असते.