बाबांना फादर व्हायचंय

ताई,

बॉस्टनहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. आई जाऊन चार वर्षं झाली, ५८ वर्षांचे बाबा कोल्हापुरात एकटे, आणि परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "मला धर्मगुरू व्हायचंय." तुम्ही रडलात. भाऊ म्हणतो, एकटेपणानं त्यांचं डोकं फिरलंय.

मला तसं वाटत नाही. तुम्हीच लिहिलंय की, आईच्या अक्षरातली चिठ्ठी खिशात घालून ते दर उन्हाळ्यात डंकावर उभे राहतात, कांदा-लसूण चटणी कांडून आणतात आणि तुम्हाला धाडतात. आईची आठवण इतकी जपणारा माणूस घरातून पळवाट शोधत नसतो.

कॅथलिक चर्चमध्ये विधुराला धर्मगुरू होता येतं. चर्चच्या कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही; पण घ्यायचं की नाही ते बिशप, म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख, ठरवतात, आणि वय बघून नकारही मिळतो. कोल्हापूर २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, म्हणजे चर्चच्या त्या विभागात, आहे, त्यामुळे आधी आपल्या फादरांशी आणि मग तिथल्या बिशपांशी बोलावं लागेल. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (देव आणि धर्माचा अभ्यास) धरून शिक्षण साधारण सहा वर्षांचं. म्हणजे दीक्षा पासष्टीच्या आसपास. पंचाहत्तरीला धर्मग्रामाच्या, म्हणजे एका स्थानिक चर्चच्या, फादरांनी राजीनामा सादर करायचा असतो. हाती दहा वर्षं उरतात, आणि मला ती थोडी वाटत नाहीत. तुमच्या बॉस्टनजवळ वेस्टनला तर १९६४ पासून मोठ्या वयाच्या उमेदवारांसाठीच सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारं विद्यालय, आहे. एकदा जाऊन बघा.

भावाच्या मनात घराचा प्रश्न असेल, तर तो मोकळेपणानं विचारू दे. धर्मप्रांताचे फादर ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाचं वचन देतात, दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. घर बाबांच्या नावावर राहू शकतं. एखाद्या संन्यासी संघात जाणार असतील तर गोष्ट वेगळी, तिथे मालमत्तेची व्यवस्था आधी करावी लागते.

"बाबा आता आमचे राहणार नाहीत," हे तुमचं वाक्य मात्र मला लागलं. ताई, पुढं तुमच्या लेकीचं लग्न तेच लावतील कदाचित.

फोनवर होय-नाही करू नका. या मे महिन्यात घरी या. त्यांच्याबरोबर डंकावर जा, चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, शेजारी बसा. आणि तुम्हाला सांगायच्या आधी आईच्या कबरीपाशी जाऊन तिला सांगितलं होतं का, तेही विचारा.