तारा ‘धातू-गरीब’ की ‘अल्पधातू’?

प्रश्न असा: ‘धातू-गरीब प्राचीन तारा’ असं एका बातमीत वाचलं. हा शब्द बरोबर आहे का? आणि धातू कमी म्हणून तारा जुना, हे कशावरून?

‘गरीब’ आपण माणसाला म्हणतो, फार तर स्वभावाला. एखाद्या वस्तूत काही थोडं असेल तर ‘अल्प’ हाताशी आहेच. ज्याची मती अल्प तो अल्पमती, तसा ज्यात धातू अल्प तो ‘अल्पधातू’ तारा. इथे शेवटचा ‘तू’ दीर्घ. ‘धातुता’ (म्हणजे ताऱ्यातलं धातूंचं प्रमाण), ‘धातुहीन’ यांत मात्र ‘तु’ ऱ्हस्व. ‘धातुहीन’ सरसकट वापरू नये. तो शब्द विश्वातल्या अगदी पहिल्या पिढीच्या ताऱ्यांसाठी राखून ठेवावा, आणि तसा एकही तारा अजून पक्का सापडलेला नाही.

खरी अडचण ‘धातू’ शब्दाची आहे. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळी मूलद्रव्यं धातूच. कार्बन आणि ऑक्सिजनसुद्धा. रसायनशास्त्र शिकलेल्याला हे खटकतं. पण आयुर्वेदातले रस, रक्त, मांस हे सप्तधातू आठवा: धातू म्हणजे घटक, हा अर्थ आपल्याकडे जुनाच आहे. त्यामुळे हा शब्द मला मराठीत इंग्रजी ‘मेटल’पेक्षाही चपखल वाटतो.

आता वय. महास्फोटातून हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम आलं. बाकीचं जवळजवळ सगळं ताऱ्यांनी घडवलं आणि मरताना आसपासच्या वायूत मिसळलं. त्या वायूतून पुढे जन्मलेल्या ताऱ्यांत धातू वाढत गेले. म्हणून आपल्या आकाशगंगेत अल्पधातू तारा बहुधा जुना. बहुधाच! लहान मॅजेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, धातू सूर्यापेक्षा बरेच कमी आहेत, तरी तिथे आजही तारे जन्मतात. ‘अल्पधातू’ हे घडण सांगणारं विशेषण आहे. त्याला ‘प्राचीन’चा पर्याय म्हणून वापरणं मला मान्य नाही.

तूळ राशीतला एचडी १४०२८३ घ्या. साधारण २०० प्रकाशवर्षांवर आहे, साध्या दुर्बिणीतून दिसतो. त्यातलं लोहाचं प्रमाण सूर्याच्या सुमारे अडीचशेवा भाग. त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे आणि तो फुगू लागला आहे. नेमक्या या टप्प्यावर ताऱ्याच्या तेजस्वितेवरून वय चांगलं काढता येतं. त्यासाठी अंतर अचूक हवं. ते हबल दुर्बिणीने मोजलं आणि २०१३ मध्ये वय आलं १४.४६ अब्ज वर्षं, कमी-अधिक ०.८ अब्ज. विश्वाचं वय १३.८ अब्ज, त्यामुळे ‘विश्वाहून जुना तारा’ असे मथळे झळकले. ‘कमी-अधिक’ वाचलं असतं तर तसा मथळा देता आला नसता. शिवाय ताऱ्यात ऑक्सिजन जास्त धरला की हिशेबातलं वय उतरतं. म्हणजे त्या अनपेक्षित ‘धातू’च्या मापावर बरंच अवलंबून आहे. नंतरच्या काही गणितांत हे वय १२ अब्जांच्या आसपास आलं.

वय काढण्याची दुसरी वाट किरणोत्सारी मूलद्रव्यांची. थोरियम-२३२ निम्मं व्हायला १४ अब्ज वर्षं लागतात, युरेनियम-२३८ साडेचार अब्जांत निम्मं होतं. सुरुवातीला दोन्ही किती असतील हे सिद्धान्तावरून काढायचं, आज किती उरली आहेत ते वर्णपटातल्या (ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या) रेषांवरून बघायचं; प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. पंचाईत ही की युरेनियमची रेषा फार पुसट असते आणि इतर रेषांच्या गर्दीत हरवते. लोह कमी तर गर्दीही कमी, म्हणून अल्पधातू ताऱ्यातच ती हाती लागण्याची आशा. सीएस ३१०८२-००१ या ताऱ्यात ती स्पष्ट सापडल्याचं २००१ मध्ये जाहीर झालं. वय निघालं १२.५ अब्ज वर्षं, कमी-अधिक ३ अब्ज. बातमीत हे ‘वय मोजलं’ असं न लिहिता ‘वयाचा अंदाज बांधला’ असं लिहावं, आणि ते ३ अब्ज गाळू नयेत.