शेतातल्या दगडात पिवळी चमक दिसते, सोनं असेल का? खडकात सोनं सापडतं कसं?

नसेल. दगड देवासजवळच्या विहिरीतून निघाला असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणजे आपला माळव्याचा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात गारगोट्या भरपूर मिळतील, सोन्याची आशा सोडा. राग आला असेल, पण असाच राग आमच्या घरात २५ वर्षं मुरतोय.

काका मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे. तिथून १९९६ साली त्यांनी मुठीएवढी पांढरी गार (क्वार्ट्झचा दगड) आणली, मध्ये पिवळ्या चकचकीत रेघा. इंदूरच्या रामबागेतल्या घरी ती लाल कापडावर देव्हाऱ्यात बसली. आजी रोज एका हाताने ती उचलायची, दुसऱ्याने खालचं पुसायची. पुढे वाटणीत काकांनी रस्त्याकडच्या दोन खोल्या सोडल्या आणि दगड घेतला. मी बीएस्सीला भूविज्ञान घेतलेलं. म्हटलं, काका, हे सोनं नाही. "चार बुकं शिकलास म्हणून अक्कल शिकवू नकोस."

ताईच्या लग्नाच्या वेळी तेच मला घेऊन सराफ्यात गेले. सराफाने आधी दगड तोलला, मग कसोटीवर घासला. रेघ हिरवट काळी. सोन्याची पिवळीच उमटते. कोपऱ्याचा टवका काढून हातोडी मारली तर भुगा झाला. सोनं चपटं होतं, फुटत नाही. "भैया, ये तो सोनामक्खी है." म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक. काका दुकानाच्या पायरीवरच म्हणाले, "दगड बदललाय." कोणी, ते बोलले नाहीत. बघितलं माझ्याकडे.

खरं सोनं खोलवरच्या गरम पाण्यात गंधकाला धरून विरघळलेलं असतं. भेगांतून वर येताना दाब उतरला की गारेबरोबर तिथेच बसतं. कोलारला अशाच शिरांमागे ३ किलोमीटरहून खोल गेले. २००१ मध्ये खर्च परवडेना म्हणून खाण बंद केली. टनामागे काही ग्रॅम सोनं असलं तरी खाण चालते, म्हणजे बहुतेक वेळा ते डोळ्यांना दिसतच नाही. खडक झिजून नदीत आलेलं सोनं जड म्हणून तळाशी बसतं. पहाटे सराफ्यातली माती धुणारे झारेकरी याच गुणावर पोट भरतात.

हो, सोनामाखीसारख्या खनिजात कधीकधी खरं सोनंही अडकलेलं असतं, पण ते प्रयोगशाळेतच कळतं. तुम्ही तपासायला न्याल तेव्हा आधी चार नातेवाइकांसमोर वजन करा, फोटो काढा. आम्ही केलं नाही.

आमचा दगड ४१० ग्रॅम भरला, सराफाची चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. काका म्हणतात मूळ दगड निम्मा सोन्याचा होता. सोनं पाण्याच्या १९ पट जड. तसा असता तर तेवढ्याच आकाराचा दगड दीड किलोच्या घरात गेला असता. आजी ७८ वर्षांची होती, मनगटं संधिवाताने सुजलेली. तिला भरलेला तांब्यासुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायचा.