आठ महिन्यांच्या बाळाच्या भुवईच्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ आहे. लगेच सीटी स्कॅन करावा का?

नाही, आधी सोनोग्राफी करा. भुवईच्या बाहेरच्या टोकाला, बोटाखाली रबरासारखी लागणारी, न दुखणारी गाठ बहुतेकदा डर्मॉइड सिस्ट असते. गर्भात कवटीची हाडं जुळताना त्वचेच्या पेशी सांध्यात अडकून ती बनते. आत द्रव आहे का, खालचं हाड झिजलंय का, हे सोनोग्राफीत किरणोत्सर्गाविना दिसतं. मात्र गाठ नाकाच्या मुळाशी किंवा डोक्याच्या मध्यरेषेवर असेल, बाळ रडताना फुगत असेल, तर ती मेंदूशी जोडलेली असू शकते: तिथे एमआरआयआधी सुई, चिरा काहीच नको. आणि कृपा करून दाबून, शेकून बघू नका. झपाट्याने वाढणारी, दुखरी गाठ असेल तर बालशल्यतज्ज्ञांना लगेच दाखवा.