चपला घालता घालता

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की या वेळी माझ्या काउन्सेलिंगच्या कामाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, तर नेहमीच्या सासू-सुनेच्या पत्रांपेक्षा हीच पत्रं जास्त आली. त्यातली चार घेतलीयत. क्लायंटचे जे किस्से खाली येतील त्यांचे तपशील बदललेत, त्यामुळे ओळखायचा प्रयत्न करू नका.

प्रश्न : ताई, दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून डोकं भणभणत नाही का? घरी गेल्यावर काय करता? (एक वाचक, सांगली)

रडगाणी म्हणालात ते असू दे, पण खरं सांगू का, रडण्याचा त्रास होत नाही. रडणारा माणूस सोपा असतो, टिश्यूचा डबा त्याच्या जवळ सरकवायचा, हातात द्यायचा नाही (हातात दिला की त्याला वाटतं आता आवरा म्हणतायत) आणि गप्प बसायचं. दमवणारे वेगळेच असतात. पन्नासातली पंचेचाळीस मिनिटं बॉस, ट्रॅफिक, सोसायटीतलं पार्किंग असं सगळं रंगवून सांगणार, आणि मग दाराशी चपला घालता घालता, पाठमोरे, "हां, ते एक राहिलंच, डॉक्टर गाठ आहे म्हणालेत, घरी अजून कुणाला बोललो नाहीये." एक पाय चपलेत, एक बाहेर. पुढचा क्लायंट बाकावर येऊन बसलेला.

सुरुवातीला मी अशांना परत आत बसवायचे, अर्धा तास जास्त जायचा आणि मागचे सगळे खोळंबायचे. मग माझ्या सुपरवायझर म्हणाल्या, अगं चपला घालतानाच सांगतात कारण सांगितलं की लगेच निघता येतं, तू दार अडवून बसलीस तर पुढच्या वेळी तेवढंही सांगणार नाहीत. त्यामुळे आता, जिवावरचं काही नसेल तर, मी दारातच उभी राहते, "पुढच्या वेळी इथूनच सुरू करू" म्हणते आणि पुढच्या तारखेखाली वहीत पहिली ओळ तीच लिहून ठेवते.

सुपरवायझर म्हणजे काय असं काहींना वाटेल. पंधरा दिवसांतून एकदा मी एका सीनियर बाईंकडे जाऊन नाव-गाव न सांगता माझ्या केसेस मांडते आणि कुठे घसरतेय ते ऐकून येते. मधे दोन वर्षं मी स्वतःसुद्धा एकीकडे क्लायंट म्हणून जात होते. आणि हो, तिकडे मीही सगळं चपला घालतानाच सांगायचे.

घरी गेल्यावर म्हणाल तर कणीक मळते. नवरा विचारतो कसा गेला दिवस, मी म्हणते बरा. बँकेतला माणूस घरी येऊन साहेबाच्या नावाने बोटं मोडू शकतो, आम्हाला तीही सोय नाही.

पण खरा त्रास कुठला तर आम्हाला गोष्टीचा शेवटच कळत नाही. बरं वाटायला लागलं की माणूस यायचं थांबतो आणि काहीच फरक पडत नसला तरीही थांबतो, माझ्या बाजूने दोन्ही सारखंच दिसतं, गुरुवार पाच वाजताची जागा रिकामी. मी एक मेसेज टाकते, परत यावंसं वाटलं तर दार उघडं आहे म्हणून, आणि पुढे गप्प. पहिली काही वर्षं त्या रिकाम्या तासात मी माझं काय चुकलं याची उजळणी करायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमाराला विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ती मराठीत आणली, तिच्या मते माणसाचं मुख्य दुखणं म्हणजे हट्टी 'मस्ट', अमुक झालंच पाहिजे हा हेका. मराठीत हा अख्खा आजार एका 'च'मधे बसतो बघा. माझ्याकडे आलेला माणूस बरा झालाच पाहिजे आणि मला ते कळलंच पाहिजे. लोकांचे 'च' शोधून द्यायचे पैसे घेते मी, स्वतःचा सापडायला सहा वर्षं लागली.

प्रश्न : मी बी.ए. सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. थेरपिस्ट व्हायला नक्की काय करावं लागतं? ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स चालेल का? (नाशिक)

नुसत्या सर्टिफिकेटवर नको गं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते, त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. हा आजवरचा मुख्य रस्ता. पण 2020 च्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करायचं ठरल्यापासून सगळं हलतंय, तेव्हा फी भरण्याआधी कोर्सला मान्यता आहे की नाही हे स्वतः कौन्सिलच्या साइटवर बघ, कॉलेजच्या माहितीपत्रकावर जाऊ नकोस. 'काउन्सेलर' या शब्दावर मात्र आपल्याकडे अजून धड कुणाचा लगाम नाही, म्हणूनच इतक्या पाट्या दिसतात. पैशाचं विचारलं नाहीस पण सांगते, पहिली तीन वर्षं मी सकाळी शाळेत नोकरी करून संध्याकाळी क्लायंट बघायचे.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा एका मॅडमकडे जातो. फी मी भरते, पण तो काय बोलतो ते त्या मला सांगत नाहीत. हे बरोबर आहे का? (एक आई, कोल्हापूर)

तुमचा जीव तुटतोय ते कळतंय, पण त्या मॅडमचं बरोबर आहे. अठरा पूर्ण झाली की तो स्वतःचा मालक, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचार घेणाऱ्याचा गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलाय. फी कोण भरतं याने त्यात फरक पडत नाही. अपवाद आहेत, जिवाला धोका असेल किंवा कोर्टाने मागितलं तर बोलावं लागतं. आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं भागच आहे, तिथे गुप्ततेचं कारण चालत नाही.

तुम्ही एक करू शकता, घरी आल्यावर "काय बोललास" विचारू नका, "जेवणार ना" विचारा. माझ्याकडे एक आई दर शनिवारी बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसायच्या, आतला आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी पंखा फुल करायचे आणि त्या शिपायाला सांगून तो बंद करायच्या. शेवटी मी त्यांना दुसऱ्या एका काउन्सेलरचा नंबर दिला, त्यांच्या स्वतःसाठी. तुम्हालाही रात्री फारच घालमेल झाली तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि तो आजारी माणसाच्या घरच्यांसाठीही आहे.

प्रश्न : क्लायंट रस्त्यात भेटला तर ओळख दाखवता का? (पुणे)

मी आधी दाखवत नाही. पहिल्याच भेटीत हे सांगून ठेवते, तुम्ही हसलात तर मी हसेन, नाही तर आपण अनोळखी. सोबतच्या माणसाने "या कोण" विचारलं तर त्यांची पंचाईत नको.

परवा मंडईत शेपू घेत होते तर शेजारी एक गृहस्थ, पोराला खांद्यावर घेऊन. दोन वर्षांपूर्वी पाचव्या सेशननंतर यायचे बंद झालेले, माझ्या मेसेजला उत्तर नाही. मी आपली जुड्या निवडत मान खाली घालून उभी. त्यांनीही बघितलं न बघितलं केलं. मग भाजीवालीला म्हणाले, "मावशी, आधी यांचं करा, आम्हाला काही घाई नाही."