अंतर वाढवलं म्हणजे काहीतरी लपवताहेत?

मे 2021. इंदूरला कोरोना कर्फ्यू, त्यामुळे समुपदेशन फोनवरच. रामबागेतल्या साठी उलटलेल्या एका काकूंचा प्रश्न (ओळखीचे तपशील बदलले आहेत) तेव्हा घरोघरी विचारला जात होता: "कोविशील्डच्या दुसऱ्या डोसला आधी चार ते सहा आठवडे म्हणाले, मार्चमध्ये सहा ते आठ, आता बारा ते सोळा. ह्यांनाच ठाऊक नाही, की लस संपलीय?" पहिला डोस 27 मार्चला झालेला. झोप उडालेली, रात्री दोनलाही कोविनवर स्लॉट शोधणं चालू.

अशा वेळी 'घाबरू नका' म्हटलं की माणूस गप्प होतो, भीती जात नाही. म्हणून आधी विचारायचं, दुसरा डोस लांबला तर नेमकं काय होईल असं वाटतं? काकू म्हणाल्या, "पहिल्याचा असर उतरेल, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून."

आता बोलायला धागा मिळाला. डोस लांबला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. कोविशील्ड मुळात ऑक्सफर्डची लस; तिच्या चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत परिणामकारकता सुमारे 55 टक्के दिसली, बारा किंवा अधिक आठवड्यांनी घेतलेल्यांत सुमारे 81.

पण मग तुटवडा? होताच, आणि तो नाकारायचा नाही. एक गोष्ट दडवलेली कळली की बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. शिवाय काकूंच्या मुलानं बातमी पाठवलेली: भारतानं 13 मेला अंतर वाढवलं, तर ब्रिटननं दुसऱ्याच दिवशी पन्नाशीपुढच्यांसाठी ते बारावरून आठ आठवड्यांवर आणलं. मग खरं कोण? तिथे बहुतेक वयस्करांचा पहिला डोस झाला होता आणि विषाणूचा नवा प्रकार पसरत होता, म्हणून दुसऱ्याची घाई. इथे पहिल्याच डोसची वाट पाहणारे कोट्यवधी. शास्त्र तेच, अडचण वेगळी. एका डोसचं संरक्षण अपुरं, हेही सांगितलं. मास्क सुटणार नव्हता.

मग कागदावर तारखा लिहायला लावल्या. 27 मार्चपासून 84 दिवस म्हणजे 19 जून, 112 दिवस म्हणजे 17 जुलै. लस तीच, मोबाइल नंबर तोच, पहिल्या डोसचं प्रमाणपत्र जवळ.

काका रक्त पातळ करणारी गोळी घेत, त्यांचा पहिलाच डोस अडला होता. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, टोचणाऱ्याला आधी सांगायचं, नंतर जागा दोन मिनिटं दाबून धरायची, चोळायची नाही. लस घेतल्यापासून वीस दिवसांत धाप, छातीत दुखणं, पायाला सूज, न थांबणारी डोकेदुखी किंवा टोचल्या जागेपासून दूर लाल ठिपके दिसले तर थेट दवाखाना. एखाद-दोन दिवसांचा ताप, अंगदुखी चालायचंच.

राहिलं रात्रीचं जागरण. 84 दिवसांआधी कोविन दुसऱ्या डोसचा नवा स्लॉट देतच नव्हतं, हे कळल्यावर शोधाशोध निरर्थक ठरली. 19 जूनपर्यंत ते उघडायचं नाही, आणि व्हॉट्सअॅपवरच्या बातम्या दिवसातून एकदा, दुपारच्या चहाला, असं ठरलं.